नैसर्गिक डासमार औषध, व्हाया बदलापूर

ताई अडीच महिन्यांची चिमी घेऊन माहेरी, आमच्या अंबरनाथला आली आणि तिसऱ्याच दिवशी बॅग भरायला लागली. कॉइल लावली की चिमी खोकायची, विझवली की डास तिला फोडून काढायचे. "रविवारपर्यंत काहीतरी कर, नाहीतर मी चालले सासरी!" आईचे डोळे भरून आले. मी छाती फुगवून म्हणालो, "आजपासून केमिकल बंद! फक्त नैसर्गिक!" आणि शनिवारी सकाळी स्कूटर काढली.

पहिला मुक्काम उल्हासनगर. गाडी बाजाराबाहेरच लावा, आत शिरलात तर मेलात. एका सिंधी काकांच्या दुकानात गवती चहाचं तेल मागितलं.

"किसके लिए?"

"भाची है, अडीच महिन्याची."

"अरे बेटा, तो मच्छरदानी ले जाओ ना!"

"नाही काका, अपने को नैसर्गिक चाहिए."

काकांनी कपाळाला हात लावला आणि बाटली दिली.

मग मोरिवलीत मित्राच्या आईकडून कडुनिंबाचं तेल घेतलं आणि प्रयोग म्हणून अंगभर चोपडलं. पुढे बदलापूरला, कुळगावात मिसळ खाल्ली, वीस रुपये, रस्सा जबरी. शेजारचा माणूस मात्र प्लेट उचलून दुसऱ्या टेबलावर गेला.

बारवी धरणाच्या रस्त्याला चढ आणि खड्डे दोन्ही आहेत, सांभाळून जा. एका पाड्यावर आजी तांदूळ निवडत बसल्या होत्या. आता खरं रानातलं गुपित मिळणार म्हणून मी वही उघडली.

"आजी, डासांवर तुम्ही काय करता?"

"गोठ्यात निरगुडीचा धूर."

"आणि तान्ह्या बाळाला?"

"बालाला धूर? याड लागलं काय तुला?"

त्यांनी मला आत नेलं. नातू निळ्या मच्छरदानीत ढाराढूर झोपलेला. "लेकानं उल्हासनगरच्या बाजारातून आणली," आजी म्हणाल्या. मग नाक मुरडून, "आन तू ह्ये तेल का फासलंस? आमी गुरांना लावतो गोचिड झाल्यावर."

झक मारत उल्हासनगरला परत. मला बघताच काकांनी मच्छरदानी काढून ठेवली. भाव करायचं तोंडच नव्हतं.

घरी चिमीला जाळीत ठेवलं आणि ती हातपाय ताणून झोपली. ताईने माझा वास घेतला आणि माझी गादी गॅलरीत टाकली.

तर मंडळी, शुद्ध नैसर्गिक तेलाचा निकाल: सकाळी माझ्या अंगावर सतरा गांधी. चिमीच्या अंगावर एकही नाही, रात्रभर खोकलीही नाही. आणि ताईची बॅग रिकामी होऊन माळ्यावर गेली होती.