माळेतला गाळलेला शब्द

माझी मुलगी शाळेत हजेरीलासुद्धा ओ देईना, तेव्हा मी तिला शाळेतून काढलं आणि घरीच शिकवायला घेतलं. झालं! आगाशीची नणंद ओटीवर पाय टाकायच्या आधीच सुरू झाली, "पोरीला घरात कोंडून आणखी मुकी करणार आहेस का गं?" मी म्हटलं, "ताई, चहा गरम आहे, आधी तो प्या." असलं फटकन बोलायची मला खोडच आहे. पण आतून माझी पार गाळण उडाली होती. डॉक्टर म्हणाले, घशात काही दोष नाही, बोलेल तेव्हा बोलेल. आणि नाहीच बोलली तर? ते कोणी सांगेना.

आजा गेला आणि तिचं बोलणं थांबलं. आजा म्हणजे माझे सासरे. नात म्हणजे त्यांचा जीव की प्राण. चालायला, केळीला पाणी लावायला, क्रुसाची खूण करायला, सगळं तिला त्यांनीच शिकवलं. ते गेले तेव्हा घरात ती दोघंच होती. मी चर्चला नोव्हेनाच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला गेले होते, नवरा वालीवच्या कारखान्यातून यायचा होता. आम्ही आलो तर सासरे खुर्चीत, जपाची माळ बोटांत, आणि पोरगी समोर पाटावर बसलेली. "आजा झोपला," म्हणाली.

म्हणजे त्या दिवशी ती बोलत होती. मयताच्या दिवशीही बोलली, रडली, भूक लागली म्हणाली. गप्प झाली ती त्यानंतरच्या संध्याकाळी, गावातली माणसं आमच्याकडे प्रार्थनेला जमली तेव्हा. भर प्रार्थनेत तिने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. मला वाटलं, रडू आवरतेय. दुसऱ्या दिवशी हात निघाले, पण तोंडातून शब्द निघाला नाही.

आमची शाळा भरायची सकाळी, जेवणाच्या टेबलावर. गणितं ती चटचट करायची. मराठीला मी वाचायची, ती लिहायची. हळूहळू माझ्या ध्यानात आलं की ती माझ्या डोळ्यांकडे बघतच नाही, ओठांकडे बघते. आणि मी 'आता' म्हटलं की तिची पेन्सिल थांबते. आता जेवून घे, आता पुरे, आता पुढचं पान काढ. दिवसातून कितीदा येतो हो हा शब्द तोंडात! दर वेळी ती ताठ व्हायची, माझं वाक्य संपेपर्यंत श्वास धरायची, मग माझ्याकडे, दाराकडे, बापाच्या चपलांकडे बघून घ्यायची. घरातलं कोणी कमी झालं का, हे बघितल्यासारखं. एकदा मी पदराने वारा घेत म्हणाले, "आता मेले मी या उकाड्यानं." पोरीनं माझं मनगट धरलं ते सोडेचना. त्या उकाड्यात तिचा हात बर्फासारखा गार होता.

खरं सांगते, मला माझ्याच पोरीची भीती वाटायला लागली. आईने असं म्हणू नये, पण वाटायची.

संध्याकाळी चर्चची घंटा झाली की आमच्याकडे माळेची प्रार्थना होते. दर मण्याला एक 'नमो मारिया', तिचा पहिला अर्धा भाग एकाने म्हणायचा, उरलेला बाकीच्यांनी, आणि दर दहा मण्यांनी म्हणणारा बदलायचा. शेवटचे दहा मणी सासऱ्यांचे. ते खुर्चीत बसून म्हणायचे, भलत्याच वेगात, आणि आम्हीही त्यांच्याच वेगाने उत्तर द्यायचो. भाजी गॅसवर असायची ना! ते गेल्यावर खुर्ची तिथेच राहिली, त्यांची लाकडी माळ खुर्चीच्या हातावर लटकवलेली. त्यांचा भाग मी किंवा नवरा खालीच बसून म्हणायचो. खुर्चीत कोणी बसत नव्हतं.

आणि नेमकी त्याच वेळी ती माळ खुर्चीवर टकटक वाजायची. बावखलाकडची खिडकी उघडी, तळ्यावरून वारा येतो, म्हणून नवऱ्याने एकदा उठून खिडकी लावली. तरी टकटक चालूच. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि प्रार्थना तशीच पुढे रेटली.

मुलगी आमच्यात बसायची, पण गप्प. मात्र दर 'नमो मारिया'त तिचे ओठ एकदाच हलायचे. एकदाच, शेवटाकडे, अगदी एका शब्दापुरते, आणि परत मिटायचे. त्या जागी तर आम्ही कुठला शब्दच म्हणत नव्हतो. मग ही कोणाशी बोलते?

शेवटी एक दिवस माझं डोकं सटकलं. किती दिवस त्या खुर्चीला घाबरायचं? म्हातारा जिता असताना कधी कोणावर आवाज चढवला नाही, तो मेल्यावर काय करणार आहे? शेवटचे दहा मणी आले तशी मी उठले, सरळ खुर्चीत बसले आणि त्यांची माळ हातात घेतली. मणी गुळगुळीत होते, हातात अगदी सहज बसले. मी पहिला अर्धा भाग म्हटला. समोरून नवऱ्याने उत्तर दिलं, "पवित्र मारिये, देवाच्या माते, आम्हा पाप्यांसाठी आता आमच्या मरणाच्या..."

पोरगी झेपावली. बापाच्या तोंडावर दोन्ही हात दाबून किंचाळली, "आणि!"

किती महिन्यांनी ऐकला तो आवाज. घोगरा, गंजलेला. "आणि म्हण, बाबा! आता *आणि* मरणाच्या वेळी! आई खुर्चीत आहे!"

मी तिला ओढून मांडीवर घेतलं. मग हळूहळू सगळं बाहेर पडलं. मूळ प्रार्थना 'आता आणि आमच्या मरणाच्या वेळी विनंती कर' अशी, पण आमच्या घराने घाईघाईत तो 'आणि' कधीचाच गिळून टाकला होता. सासऱ्यांनी तशीच प्रार्थना नातीला शिकवली. त्या संध्याकाळी आजा पहिला भाग म्हणत होता, आणि उत्तर द्यायला ती एकटीच होती. तिने उत्तर दिलं, आता आमच्या मरणाच्या वेळी. पुढचा मणी आजाने म्हटलाच नाही. दोन दिवसांनी गावातल्या बायका सावकाश प्रार्थना म्हणत होत्या, तेव्हा तिने तो 'आणि' पहिल्यांदा ऐकला.

"मी मरण आत्ताच मागितलं गं," ती म्हणाली. "आणि मारियामातेनं ऐकलं."

एवढ्याशा जिवानं हे एकटीनं गिळून ठेवलं होतं. मी म्हटलं, "बाय, आजाचं हृदय थकलं होतं. देवबाप काय वर शुद्धलेखन तपासत बसलाय?"

तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे बघितलं. "मग तू का तपासतेस?"

मला हसूही आलं आणि रडूही.

ती आता बोलते. नणंदेला पुरून उरेल इतकी बोलते. शाळा अजून घरीच आहे, ते तिनेच ठरवलंय. आणि माळेत सगळ्यांनी उत्तरं तिच्या मागोमाग म्हणायची, हेही तिनेच ठरवलंय. ती सावकाश म्हणते. 'आता' म्हणून थांबते. बापाकडे बघते, माझ्याकडे बघते, रिकाम्या खुर्चीकडे बघते. माळ टकटक करत असते, खिडकी बंद असते. मला ठाऊक आहे की तो नुसता एक शब्द आहे, मीच तिला तसं सांगितलंय. तरी ती 'आणि' म्हणेपर्यंत मी श्वास घेत नाही.