काकूंचे वीस वॉर्ड

घरोघरी डबे पोचवायची माझी नोकरी टिकली ती शेजारच्या काकूंमुळे. अमेरिकेतल्या या एडिसन गावातली घरं सगळी सारखी, आणि फोनमधल्या रस्ता सांगणाऱ्या बाईचं इंग्रजी कळेपर्यंत माझं वळण मागे पडायचं. आणखी एक डबा उशिरा गेला असता तर मालक काढणार होता.

काकू मुलाकडे येण्याआधी पॅरिसला राहायच्या. "म्हणजे बघ," हे त्यांचं पालुपद. "म्हणजे बघ, पॅरिसचे वीस वॉर्ड. मधून निघून जिलबीसारखे गोल गोल बाहेर जातात. आम्ही विसाव्या वॉर्डात, अगदी शेपटाला." मग खिडकीबाहेर बघत बसायच्या.

एका दुपारी त्या चप्पल घालून सरळ माझ्या गाडीत बसल्या.

"तुमचं डब्यांचं किचन म्हणजे पहिला वॉर्ड. चल, वेटोळं घेत जाऊ."

"काकू, गुडघे दुखतील तुमचे."

"दुखू देत. तू रस्ता बघ."

देवळापाशी सहावा, तळ्यापाशी अकरावा असे आकडे देत गेल्या, आणि संध्याकाळपर्यंत गाव माझ्या डोक्यात बसलं. परतताना हळूच म्हणाल्या, "मुलाला म्हणते, एकदा मला आमच्या वॉर्डात फिरवून आण. त्याला सुट्टीच नसते."

मी त्यांना हात देऊन गाडीतून उतरवलं. इथे राहायचे माझे कागद एकदा नीट झाले, की काकूंना तिथे मी नेणार आहे.