जावळाआधीची मासळी

आमच्या घरात रोज मासळी शिजते. निवट्या, बोंबील, कोलंबी, काही ना काही असतंच. माझी मुलगी दोन वर्षांची होत आली तरी तिच्या ताटलीत मात्र पेज, वरणाचं पाणी आणि चहात बुडवलेलं बिस्कीट. का, तर तिचं जावळ काढलं नव्हतं. जावळ निघाल्याशिवाय पोराच्या तोंडाला मासळी लावायची नाही, अंडंही नाही, हा माझ्या सासरचा नियम.

जावळ वेळेवर काढलं असतं तर मी वाद घातला नसता. पण सासूबाईंना ते नव्या बंगल्याच्या वास्तुशांतीबरोबर करायचं होतं, सगळी भावकी बोलावून, बोकड कापून. पळस्प्याकडे बंगल्याचं काम चाललं होतं आणि स्लॅब काही पडत नव्हता. तोवर माझ्या पोरीने वाढायचं थांबावं, असा एकूण बेत होता.

अंगणवाडीच्या ताईंनी तिला मोजपट्टीला उभं केलं. मागच्या खेपेपासून उंची हललीच नव्हती. "वयाच्या मानाने फारच कमी आहे. अंडं, मासे सुरू करा," त्या म्हणाल्या. घरी येऊन मी ते जसंच्या तसं सांगितलं. सासूबाई बोंबील साफ करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बाप कवरा हाय बघ तिचा. आमी ठेंगनीच मानसं. त्या बाईला काय कलतं?" नवरा जेवत होता. "आईशी कशाला वाद घालतेस," एवढंच बोलला आणि आणखी एक तुकडा वाढून घेतला. मला दोघांचाही असा राग आला, की तो अजून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या सलूनमध्ये मी पोरीचं डोकं भादरून आणलं. ना मामाची मांडी, ना मुहूर्त. घरी बांगड्याचे काटे काढले, भातात कुस्करला आणि घास भरवला. तिने थू करून टाकला. इतके महिने दूर ठेवलेली चव तिला सोसेना. तेवढ्यात सासूबाई आल्या. नातीने खाल्लं का, हे त्यांनी विचारलं नाही.

"केस कुटं हायेत?"

"न्हाव्याने झाडून टाकले."

देवीला वाहायचे केस कचऱ्यात घातले म्हणून त्यांनी टाहो फोडला आणि माझ्याशी बोलणं टाकलं. बरंच झालं. मी रोज भरवत राहिले. हळूहळू पोर मासळी मागून खायला लागली.

बंगला झाल्यावर सासूबाईंनी जावळ काढलंच, पुन्हा वाढलेल्या केसांचं. भावकीसमोर नातीला कोलंबीचा पहिला घास भरवला. तिने मिटक्या मारत खाल्ला. बायकांनी आजीचं कौतुक केलं. तो फोटो मोठा करून हॉलमध्ये लावलाय.

मुलगी आता शाळेत जाते. प्रार्थनेच्या रांगेत दरवर्षी सगळ्यात पुढे तीच. परवा तिने विचारलं, "आई, मी रांगेत मागे कधी जाणार?"

सासूबाई तिथेच मासळी साफ करत बसल्या होत्या. मी म्हटलं, "आजीला विचार."