भागीरथाकाकूची आन

वरवरची सजावट करण्यात माझा हात धरणारा पोलाद कारखान्यातल्या आमच्या सेक्शनात कोणी नव्हता. साहेब तपासणीला येणार म्हटलं की आम्ही कठड्यांना चुना मारायचो, कुंड्या मांडायचो. साहेबाची पाठ फिरली की कुंड्या परत. वीस वर्षांत ही खोड अंगात इतकी मुरली होती, की ती खोड आहे हेच मी विसरलो होतो.

भागीरथाकाकू माझी सख्खी काकू. चिंधूकाका जन्मभर त्याच प्लांटमध्ये राबले, पण भंडाऱ्याकडच्या या बाईचा जीव मातीत. दुर्गजवळ रिसालीच्या पुढे दोन एकरांची बांधी, म्हणजे बांध घातलेलं भाताचं वावर, घेऊन तिनं सुवासाचं धान लावलं. त्र्याण्णव सालची गोष्ट. बाहेरदेशी तांदूळ पाठवणाऱ्या एका संस्थेला तिचं धान हवं होतं. नियम मात्र कडक: तीन वर्षं रासायनिक खत नाही, औषध नाही, आणि केलेलं सगळं वहीत. एकदा चुकलं की मोजणी पहिल्यापासून.

काकू निरक्षर. म्हणून दर रविवारी ती सांगायची, मी लिहायचो. एकदा शेजारच्या बांधीतलं खताचं पाणी बांध फोडून तिच्याकडे आलं. मी म्हटलं, "हे सोडून देऊ." ती कडाडली, "कावून सोडतं, शाम? झालं थे लिही!" मी लिहिलं. पाणी तिनं लगेच वळवलं होतं, म्हणून तेवढ्यावर निभावलं.

तिसरं वर्ष सरत आलं. पोळ्यानंतर दहा दिवसांनी शेवटची तपासणी होती. शेजाऱ्यांचं धान काळंभोर हिरवं, काकूचं पिवळट. मला ते बघवेना. पोळ्याच्या दिवशी वावरात कोणी काम करत नाही, सगळे बैलांच्या मागे. त्या दुपारी मी दुर्गहून आणलेला दहा किलो युरिया सायकलवरून नेला आणि हातानं फेकला. पाहुण्यांसमोर जरा बरं दिसावं, एवढंच मनात होतं.

संस्थेचे बंगळूरचे तपासनीस आले. बांधावर उभे राहून म्हणाले, "अम्मा, यहाँ पट्टे-पट्टे में इतना हरा कैसे?"

काकूला रागच आला. तिनं मला पुढं ओढलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला. "हा माह्या पोरावानी हाय, साहेब. याच्या डोक्याची आन, चिमूटभर खत टाकलं नाई."

 साहेबांनी मंजुरीच्या कागदावर सही केली. मी मान खाली घालून चिखलातल्या माझ्याच पायांकडे बघत होतो. तेव्हा बोलायला हवं होतं. बोललो नाही, हे सांगायलाही आज लाज वाटते.

जीप गेली. काकूनं वही पुढं केली. "लिही, तपासनी झाली. सगळं खरं निघालं."

मी पेन खाली ठेवलं. मग सगळं सांगून टाकलं.

तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिली. मग विचारलं, "कावून टाकलं?"

"तुझं धान पिवळं दिसत होतं. साहेबांसमोर लाज वाटली."

"तुले माह्या धानाची लाज वाटली?"



"तीन वर्सं गेली तं गेली," ती म्हणाली. "पन माह्या हातानं तुह्या डोक्यावर खोटी आन बसली. थे उतरव आधी. युरिया, दहा किलो, पोळ्याच्या दिवसी. लिही, अन् साहेबाले पाठव."

"कोणी टाकला म्हणून लिहू?"

"कोनं टाकला थे नोको लिहू. वावर माह्यं हाय."

मी लिहिलं. दुर्गच्या पोस्टात पत्र स्वतः टाकलं. महिन्याभरात उत्तर आलं: मंजुरी रद्द, मोजणी पुन्हा पहिल्यापासून. मला वाटलं, आता काकू माझ्या हाती वही देणार नाही. रविवारी ती माझ्या क्वार्टरच्या पायरीवर येऊन बसली, वही उघडून माझ्यापुढं सरकवली.

"लिही, शाम. वरीस पयलं."