व्याह्यांच्या नकाशातली तुटक रेघ

आमचे व्याही इंग्लंडहून नात बघायला आले तेव्हा त्यांच्या एका हातात लहानशी बॅग होती आणि दुसऱ्या हातात माझ्या खांद्याला लागेल एवढं पुठ्ठ्याचं नळकांडं. मला वाटलं, पाळण्यावर टांगायचं काहीतरी आणलं असेल. नळकांड्यातून निघालं काय, तर त्यांचं आडनाव.

म्हणजे आडनावाचे नकाशे. ते आडनाव कुठं उगवलं, कुठं कुठं पसरलं, कुठून नाहीसं झालं, त्याचे. ते आडनाव मी इथं लिहीत नाही. ते लावणारी माणसं जगात इतकी थोडी उरली आहेत की लिहिलं तर वाचणारा थेट त्यांच्या दारात जाऊन उभा राहील. हे मी म्हणत नाही, व्याहीच छाती फुगवून सांगतात. दुर्मिळ असणं ही कसली कर्तबगारी, हे मला अजून कळलेलं नाही. माझ्या सासरचं आडनाव पुण्यातल्या कुठल्याही इमारतीत चार दारांवर सापडेल, म्हणून काय आम्ही कमी जेवलो?

माझी लेक जर्मनीत, येना नावाच्या गावात भिंगं बनवणाऱ्या एका संस्थेत संशोधन करते. आमचे जावईही तिथेच, ते इंग्रज. व्याही म्हणजे त्यांचे वडील, जन्मभर जमिनीची मोजणी करून निवृत्त झालेले. विहीणबाई जाऊन काही वर्षं झाली. मी बाळंतपणासाठी डिंक, अळीव आणि सुंठ घेऊन दोन महिने आधीच येऊन बसले होते. इंग्रजी मी शाळेत शिकले ती चार यत्ता. बाकीची लेकीच्या पुस्तकांतून, भाजी निवडता निवडता. त्यामुळे बोलते तोडकंमोडकं, पण मला समजत नाही असं समजून जे माझ्यासमोर बोलतात, ते फसतात.

तर गोष्ट अशी, की नातीचं आडनाव काय लावायचं हे ती पोटात असतानाच ठरलं होतं. लग्नानंतर लेकीनं स्वतःचं आडनाव ठेवलं आणि जावयांनी त्यांचं. इथे दारावरच्या घंटीपाशी घराचा नंबर नसतो, आडनावं असतात, म्हणून खाली दोन पट्ट्या लावल्या आहेत. बाळाला मात्र एक काहीतरी द्यावं लागतं. आता म्हणे दोन्ही जोडूनही चालतं, पण लेक म्हणाली, आगगाडीच्या डब्यांसारखं नाव मला नको. नऊ महिने मी वाहिलं, माझं आडनाव लागेल. जावई म्हणाले, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर. इथवर झकास. राहिलं होतं एवढंच, की जावयांनी हे आपल्या वडिलांना सांगायचं.

आमचे जावई सकाळी उठून बर्फासारख्या पाण्यात पोहतात, लेझरचे किरण हाताळतात, पण बापाला एक वाक्य सांगायचं म्हटलं की त्यांना अचानक बाळाच्या लंगोटांच्या घड्या घालायचं आठवतं. आज सांगतो, उद्या सांगतो करत बाळ झालंसुद्धा. श्टांडेसआम्ट म्हणून कचेरी आहे इथे, जन्म-लग्न-मृत्यू लिहून ठेवणारी. तिचा फॉर्म फ्रिजवर चुंबकानं लावलेला. एका महिन्यात आडनाव ठरवा, नाहीतर कोर्ट म्हणे दोघांतल्या एकालाच ठरवायला सांगतं. शुक्रवारी तो फॉर्म द्यायचा होता. व्याही येऊन थडकले सोमवारी.

त्यांनी नातीला घेतलं, डोळे पुसले, तिच्या मुठी उघडून बघितल्या. माणूस वाईट नाही, हे मला तिथेच कळलं. आणि मग म्हणाले, "सुंदर आहे. म्हणजे मग हिच्यापाशी संपलं."

काय संपलं, असं मी लेकीला विचारलं. तिनं ओठ आवळून सांगितलं, आडनाव. जावई एकुलते एक, आणि झाली मुलगी. मुलगी लग्न करणार, नवऱ्याचं नाव लावणार, की झालं. आठ दिवसांची पोर, नाळ पडून दोन दिवस झाले नव्हते, आणि या गृहस्थांनी तिचं लग्न लावून तिला सासरी धाडूनही दिलं होतं. आम्ही हिंदुस्थानातली माणसं मागासलेली, बरं का.

आणि त्यांना हे ठाऊकही नव्हतं, की लग्नापर्यंत थांबायची गरज नाही, शुक्रवारीच संपणार आहे.

मला आडनावांचं हे कौतुक मुळातच सहन होत नाही. माझ्या लग्नात ताम्हनात तांदूळ पसरले, यांनी त्यात अंगठीनं माझं नवं नाव काढलं, आणि एका दुपारी माझं नाव आणि आडनाव दोन्ही गेली. त्याचा नकाशा कोणी काढला नाही. ते तांदूळ नंतर कशात गेले तेही मला माहीत नाही, बहुतेक भातात. पुढे आमच्या चुलत दिरांनी घराण्याचा कुलवृत्तांत छापायला घेतला. एका आडनावाच्या सगळ्या शाखांची वंशावळ असलेलं ते जाडजूड पुस्तक, लाल कापडी बांधणीचं. भाऊजी चार वर्षं स्कूटरवर फिरले, दर घरी चहा-पोहे खाल्ले आणि पुरुषांची नावं लिहून घेतली. मूळ पुरुष कोण, तर म्हणे समुद्रावरून आलेला कोणी पराक्रमी माणूस. स्वयंपाकी किंवा कारकून कोणाच्याच वंशावळीत मूळ पुरुष नसतो, हे तुम्ही बघितलंय का? माझ्या लेकीबद्दल त्यात लिहिलंय, "उच्चविद्याविभूषित, परदेशी." त्यापुढे जावयांचं नाव यायला हवं तिथे रिकामी ओळ. मी फोन केला तर भाऊजी म्हणाले, "वहिनी, ते आपल्यात बसत नाही हो." लेकीनं ते पुस्तक इथे आणलंय. पाळण्याचा एक पाय आखूड आहे, त्याखाली ते छान बसतं.

तर बुधवारी दुपारी व्याह्यांनी नकाशे उघडले. मी त्याच टेबलावर डिंकाचे लाडू वळत होते. त्यांनी विचारलं नाही, मीही उठले नाही. मग नकाशाची चार टोकं वर गुंडाळली जाऊ लागली, तेव्हा माझेच डबे लागले त्यांना दाबायला.

एकावर एक तीन नकाशे. पहिल्यात डोंगराच्या कुशीत एकाच दरीत लाल टिपक्यांचा पुंजका, बाकी सगळं इंग्लंड कोरं. तिथे एका टेकाडावर शेतघर होतं, त्याच्यावरून नाव पडलं. घर केव्हाच पडलं, नुसते दगड आहेत. लहानपणी त्यांना सांगितलं होतं म्हणे, की आपण एका राजाबरोबर आलेल्या सरदाराचे वंशज. कागद तपासल्यावर निघाले मेंढपाळ. हे सांगताना अजूनही त्यांचा चेहरा पडतो. मला भाऊजींचा समुद्रावरचा पराक्रमी आठवला. निदान या माणसानं कागद तपासले, आणि जे निघालं ते लिहिलं.

दुसऱ्या नकाशात टिपके दरी सोडून खाली सरकले, सूतगिरण्यांच्या गावांमध्ये. तिसऱ्यात विरळ झाले, एक-दोन समुद्रापलीकडे गेले, आणि दरीत एकही नाही. अगदी उजवीकडे, नकाशा संपल्यावर, व्याह्यांनी कागदाची पट्टी चिकटवून वाढवली होती. तिच्यावर येना, आणि एक टाचणी. ते आमचे जावई. बाजूला दुसऱ्या टाचणीसाठी भोक पाडून ठेवलं होतं, टाचणी नव्हती. मुलगा झाला असता तर लागली असती.

जावई बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होते आणि बापाच्या पाठीमागून लेकीकडे बघत होते. लेक फॉर्मकडे बघत होती. मला दोघांचा मनस्वी राग आला.

मग त्यांनी वंशावळ उघडली. मला ती वाचता येते. आपल्याकडे असते तशीच, वर एक आजोबा, खाली फांद्या. मी बोट फिरवत खाली आले. सगळ्या रेघा शाईच्या, सरळ. फक्त मधोमध एक रेघ तुटक, टिंबाटिंबांची. मी विचारलं, हे काय? व्याही म्हणाले, तिथे माहिती जरा अपुरी आहे. मी म्हटलं, अपुरी कशी, खाली तर नाव लिहिलंय. एका बाईचं. तिच्या शेजारी नवऱ्याचा चौकोन नाही, आणि खाली मात्र मुलगा आहे.

व्याह्यांचे कान लाल झाले. गोरी माणसं बिचारी, त्यांना काही लपवता येत नाही. जावई फेऱ्या मारायचे थांबले. त्यांनाही हे माहीत नव्हतं.

मग हळूहळू बाहेर आलं. ती गिरणीत सूत गुंडाळणारी पोरगी होती. मूल झालं, बाप कोण ते चर्चच्या वहीत लिहिलेलं नाही, म्हणून मुलाला तिचंच आडनाव लागलं. तिच्या भावांचे वंश तिसऱ्या-चौथ्या पिढीत बुडाले. टेकाडावरचे खरे मेंढपाळ, शाईच्या रेघेचे, सगळे संपले. समुद्रापलीकडचे, गिरणीच्या गावातले, व्याही स्वतः, जावई, जे कोणी आज ते दुर्मिळ आडनाव मिरवतात ते सगळेच्या सगळे त्या पोरीचे.

"हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?" मी विचारलं.

"बरीच वर्षं. बायको म्हणायची, रेघ पक्की कर. मी म्हटलं, बघू."

म्हणजे विहीणबाई शहाण्या होत्या. भेटल्या असत्या तर आमचं जमलं असतं.

मी हातातला लाडू पुरा वळला, ताटात ठेवला, आणि माझ्या इंग्रजीत जेवढं जमलं तेवढं म्हटलं, "तुम्ही सगळे एका बाईचं नाव लावता. तिनं ते एकटीनं, गावाची बोलणी खाऊन पुढे नेलं. आणि तुम्ही मुलगी झाली म्हणून तोंड पाडून बसलात."

आता ते वाक्य सांगायला याहून बरी वेळ जावयांना मिळणार नव्हती. मी त्यांच्याकडे बघितलं. ते बाळाच्या टोपीची नाडी बांधू लागले. मग मीच सांगून टाकलं. शुक्रवारच्या फॉर्मवर तुमचं आडनाव नाही, माझ्या लेकीचं आहे, आणि हे ठरून महिने झाले.

व्याही उठले आणि गॅलरीत जाऊन उभे राहिले, पाठमोरे. लेक माझ्यावर घसरली. "आई, हे तू सांगायचं नव्हतंस. आमचं आम्ही सांगितलं असतं."

"केव्हा? पोरगी शाळेत गेल्यावर?"

"तुला काय गं, तुझं आडनाव लागतंय म्हणून तू खूश."

आता हे मात्र मला झोंबलं. मी म्हटलं, अगं, माझं कुठलं? ते तुझ्या बाबांचं. तू नऊ महिने वाहिलंस आणि लावतेयस तुझ्या बापाचं, तो बिचारा गॅलरीत उभा आहे तो त्याच्या बापाचं मागतोय. गिरणीतल्या त्या पोरीचं नाव म्हणावं तर तेही तिच्या बापाचंच होतं. या टेबलावर माझं असं काही असेल तर ते हे लाडू.

लेक हसली नाही. जावयांनी बाळ तिच्याकडे दिलं आणि एकदाचे गॅलरीत गेले. काय बोलले ते काचेमुळे ऐकू आलं नाही. बराच वेळ दोघंही खालच्या ट्रामकडे बघत उभे होते. माफी मागत असावेत, कारण इंग्रज माणसं माफी मागताना एकमेकांकडे बघत नाहीत असं माझ्या लक्षात आलंय.

आत आले तेव्हा व्याह्यांनी पहिलं काही मागितलं असेल तर फूटपट्टी. येनामध्ये भिंगांवर संशोधन करणाऱ्या दोघांच्या घरात एक फूटपट्टी सापडेना. शेवटी त्यांनी माझ्या लाटण्याला पेन लावून ती तुटक रेघ पक्की केली. थोडी वाकडी आली. मग नातीसाठी खाली रेघ ओढली आणि पेन हातात धरून बसून राहिले.

"ही आमचं नाव लावणार नाही," ते म्हणाले. "माझा नियम आहे, जे नाव लावतात तेच या कागदावर. हिला घेतलं तर लग्न होऊन गेलेल्या सगळ्या मुली घ्याव्या लागतील. त्यांची मुलं, त्यांच्या मुली. सगळ्या पिढ्यांतल्या."

"मग घ्या की," मी म्हटलं. "तुम्हाला दुसरं काम काय आहे?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, एक लाडू उचलला आणि नातीचं नाव लिहिलं, लेकीच्या आडनावासकट. भोकात टाचणी लावली. शुक्रवारी कचेरीत बाबागाडी त्यांनीच ढकलली, आणि खिडकीतल्या बाईनं आडनाव मोठ्यानं वाचलं तेव्हा तिचा उच्चार त्यांनीच सुधारला. पुण्यातली माणसं जन्मभर म्हणतात तसा, अगदी.

व्याह्यांची आता मला पत्रं येतात. गेलेल्या मुली शोधणं फार कठीण आहे, लग्न झालं की कागदावरून एकदम नाहीशा होतात, असं त्यांनी मला लिहिलंय, जसा काही हा शोध त्यांनीच लावलाय. कुठे एखादी सापडली की तीन पानं. म्हणे, कोऱ्या राहिलेल्या इंग्लंडात जिकडे तिकडे टिपके निघतायत, आडनावं वेगळी, माणसं तीच. नवा कागद टेबलावर मावत नाही, जमिनीवर पसरून गुडघ्यांवर बसावं लागतं. बसा म्हणावं. आमच्या पिढ्यान्‌पिढ्या जमिनीवर बसूनच काम करत आल्या.

गेल्या पत्रात त्यांनी विचारलं, नातीच्या आईची आई म्हणून तुमचंही नाव घालायचं आहे, लग्नाआधीचं, ते काय होतं? मी लेकीला म्हटलं, लिही, दोन्ही लिही, तांदळाच्या आधीचं नाव आणि आडनावही. ती लिहिता लिहिता थांबली आणि म्हणाली, "आई, तुझं आधीचं नाव मला माहीतच नव्हतं."

"तू कधी विचारलंस?" मी म्हटलं. "लिही पुढे. आणि ते झालं की त्या लाल पुस्तकातली रिकामी ओळही भरून टाक, पेनानं. भाऊजी काय येनाला बघायला येत नाहीत." तेवढ्यासाठी पुस्तक बाहेर काढलं, तर पाळणा पुन्हा डुगडुगायला लागला. ओळ भरली आणि पुस्तक परत होतं तिथे सरकवलं.