लाल पिंपापलीकडे

पेंटरचा डावा हात आयुष्यभर एकच काम करत आला होता, शिडी धरायचं. उजवा हात अक्षरं काढायचा, रेघा मारायचा, शाबासकी घ्यायचा. डावा नुसता शिडीला चिकटलेला. दवाखान्यांच्या, शाळांच्या, कुलपांच्या दुकानांच्या पाट्या अशाच एका हाताने रंगल्या. पुढे छापील पाट्या आल्या आणि काम आटलं, पण सवय काही गेली नाही. उजव्या हाताने चहा पितानासुद्धा पेंटरचा डावा हात टेबलाची कड धरून बसलेला असे. टेबल पळून जाणार आहे का, असं बायको विचारायची. सांगता येत नाही, असं पेंटर म्हणायचा.

गळ टाकायचा तोही एका हाताने. नदीच्या जुन्या दगडी धक्क्यावर दर रविवारी सात-आठ जण काठ्या घेऊन जमत. धक्क्याच्या टोकापासून बऱ्याच अंतरावर पाणीपुरवठ्याच्या लोकांनी एक लाल पिंप साखळीला बांधून तरंगत ठेवलं होतं. त्याच्या पलीकडे पाणी एकदम खोल होई, आणि मोठे मासे तिथेच असतात यावर धक्क्याचं एकमत होतं. ज्यांचा गळ तिथवर पोचत नव्हता, त्यांची तर खात्रीच होती.

टोकावर एकालाच नीट उभं राहता येई. ती जागा कुणाची, हे वर्षाच्या पहिल्या रविवारी ठरे. प्रत्येकाने टोकावरून एकदाच, आमिष न लावता, नुसतं दोरीच्या टोकाचं शिसं टाकायचं. ज्याचं शिसं पिंपापलीकडे सगळ्यांत लांब पडेल, त्याची जागा वर्षभर. निकाल पेंटर द्यायचा. मान जरा मागे, डोळे बारीक, आणि नाकातून एकच शब्द, "पार" नाहीतर "बाद". स्वतःच्या फेकीचा निकालही तोच द्यायचा, फक्त तेव्हाचं "पार" थोडं लांबवायचा. एकवीस वर्षं जागा त्याचीच होती.

हा नियम धक्क्याच्या तोंडाशी खांबावर एका पत्र्यावर लिहिला होता. अर्थात पेंटरनेच. पिवळ्यावर निळं: "टोकाची जागा लाल पिंपापलीकडे शिसं टाकणाऱ्याची." आणि त्याखाली, जरा लहान पण चकचकीत काळ्या अक्षरांत: "एका हाताने."

ते दोन शब्द नंतरचे. दुसऱ्याच वर्षी पेंटरचा मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, धक्क्यावर आला. तो पोस्टमन. पुरुषभर उंचीहून लांब काठी घेऊन आला, ती दोन्ही हातांत धरली, आणि शिसं पिंपापलीकडे इतकं लांब टाकलं की 'डुब्' ऐकू यायला वेळ लागला. पेंटरच्या तोंडून "पार" निघालं, पण खोकल्यासारखं. पुढच्या रविवारी पाटीवर दोन शब्द वाढलेले होते. पेंटरने कारणही दिलं, की एका हाताने टाकतो तो खरा टाकतो, दोन हातांनी काय, धुणंसुद्धा आपटता येतं. पोस्टमनने पाटी पत्ता वाचावा तशी सावकाश वाचली. "बरं, दाजी," म्हणाला, आणि घडीचं स्टूल उचलून धक्क्याच्या दुसऱ्या बाजूला गेला. तिथे पावसाच्या पाण्याचा सिमेंटचा पाइप नदीत उतरतो, पाणी कमरेएवढं. तेव्हापासून तो तिथेच बसे.

पेंटरचं एकहाती टाकणं मात्र बघण्यासारखं होतं, हे कुणीही मान्य करी. काठी आखूड, मूठ वीतभर. तंगूस, म्हणजे गळाची दोरी, तर्जनीखाली दाबलेला. "कान, नाक, बोट," असं तो नवख्याला शिकवायचा. काठी कानापर्यंत मागे, झटक्यात नाकापर्यंत पुढे, आणि तिथे बोट सोडायचं. कान, नाक, बोट. शिसं सुंईकन जायचं. डावा हात त्या वेळी पाठीमागे खांब धरून उभा असायचा.

या खेपेस वर्ष संपायला दोन महिने असताना पेंटरचा उजवा खांदा धरला. हात खांद्याच्या रेषेला येऊन थांबायचा, पुढे म्हणून जायचा नाही. भांग पाडायचा तर हात डोक्याकडे जायच्याऐवजी डोकंच हाताकडे न्यावं लागे. दवाखान्यातली व्यायामाची बाई गोड होती. ती हात वर ढकलायची आणि पेंटर कण्हला की "छान" म्हणायची. अजून थोडा कण्हला की "खूपच छान." जोरात ओरडला तेव्हा तिने "वा" म्हटलं. बरं व्हायला सहा महिने तरी लागतील, हे मात्र तिने छान न म्हणता सांगितलं.

म्हणजे पहिल्या रविवारी हात कानापर्यंत जाणार नव्हता. कान नाही तर नाक नाही, आणि नाक नाही तर बोट काय करणार? पेंटरने धक्क्यावर कुणाला काही सांगितलं नाही. टोकावर उभा राहून तो शिसं सरळ पायाखाली सोडायचा, विहिरीत पोहरा सोडावा तसं, आणि आज मासा काठाला आहे, असं जाहीर करायचा. सलग पाच रविवार मासा काठाला होता.

हे पहिल्यांदा ध्यानात आलं ते चष्मेवाल्याच्या. चष्म्याचं दुकान चालवणारा हा तरुण माणूस गेली चार वर्षं दुसरा येत होता. नवी काठी घेतली होती, रोज सकाळी गच्चीवर मनगटाचा व्यायाम करत होता. दिवसभर लोकांच्या डोळ्यांवर काचा बदलून बदलून त्याचं बोलणंच तसं झालं होतं. तो पेंटरजवळ येऊन उभा राही आणि मऊ आवाजात विचारी, "काका, तिकडे टाकणं बरं, की हे पायाशी बरं? तिकडे? की पायाशी?" पेंटर नदीकडे बघत बसे.

धक्क्यावर पेंटर पहिला होता. धक्क्याबाहेर आता तो कुठेच पहिला नव्हता, दुसराही नव्हता. हे त्याने कधी बोलून दाखवलं नाही. पण जागा गेली तर रविवारी नदीवर जाणार नाही, एवढं तो एका दुपारी जेवताना म्हणाला.

बायकोचं प्रत्येक मोठं भाषण "मी काही बोलत नाही, पण" असं सुरू होई. ती म्हणाली, "मी काही बोलत नाही, पण माझ्या भावाकडे लांब काठी आहे."

"दोन हातांची आहे ती."

"तुम्हाला आहेत दोन. लग्नातच मोजून घेतलेत मी."

पेंटर जेवत राहिला, म्हणून तिने आणखी थोडं 'काही न बोलायचं' ठरवलं. एवढी वर्षं रविवारी तो आणतो ते मासे मांजरालाही पुरत नाहीत, आणि बाजारातून आणले म्हणून ती जे वाढते ते बाजारातले नसतात. पाइपापाशी मिळालेले असतात आणि मागच्या दाराने येतात. पेंटरचा घास तोंडात थांबला. ताटातही तेच होतं. थोड्या वेळाने तो पुन्हा चावू लागला, कारण मासा चांगला झाला होता.

पोस्टमनच्या खोलीत भिंतभर लाकडी कप्पे होते, आणि प्रत्येक गोष्ट आपापल्या कप्प्यात. मोज्यांचा कप्पा, दाढीचा कप्पा, गळांचा कप्पा, किल्ल्यांचा कप्पा. पेंटरने येण्याचं कारण आडून आडून सांगायला सुरुवात केली. आधी हवेबद्दल बोलला, मग खांद्याबद्दल, मग हवेमुळे खांद्याबद्दल. पोस्टमनने ऐकून घेतलं, कोपऱ्यातली लांब काठी काढली आणि पुढे केली.

"घ्या."

आयुष्यभर दारोदार तो हाच एक शब्द बोलला होता, आणि त्याचं त्यावर भागत होतं.

शिकवणी पेंटरच्या इमारतीच्या गच्चीवर सुरू झाली. शिशाऐवजी तंगूसाच्या टोकाला बटाटा. उजवा हात वर रिळाशी, डावा खाली मुठीच्या टोकाला, पोटाजवळ. काठी खांद्यावरून मागे न्यायची, हात कानापर्यंत नेण्याची गरज नाही. मग उजव्याने किंचित ढकलायचं आणि डाव्याने झटक्यात पोटाकडे ओढायचं. जोर डाव्याचा, उजवा नुसता टेकू. पेंटरने सगळं ऐकलं, मान डोलावली, आणि बटाटा स्वतःच्या चपलेवर आपटला. दुसरा शेजारणीच्या वाळत घातलेल्या चादरीत गेला. तिसरा पाण्याच्या टाकीत. चौथ्याच्या वेळी गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बायका खाली निघून गेल्या.

"डावा," पोस्टमन म्हणाला.

पेंटरने काठीचं वजन चुकीचं असल्याबद्दल पंधरा मिनिटं माहिती दिली.

"डावा हात, दाजी."

पेंटरला ते दिसत होतं. उजवा हात चाळीस वर्षांच्या सवयीने पुढे धावे, आणि डावा मुठीचं टोक गच्च धरून उभा राही. हलायचं म्हणून नाही. काठी सुटली तर खाली पडू, अशी त्या हाताची समजूत होती. त्याला ओढ म्हटलं की तो आणखी घट्ट धरी. दोन आठवडे असेच गेले. घरात दोन वेळा बटाटे होऊ लागले.

शेवटी एका संध्याकाळी बायको कपडे काढायला वर आली. तिने तीन बटाटे शांतपणे बघितले.

"मी काही बोलत नाही," ती चिमटे गोळा करत म्हणाली, "पण खालून रंगाची बादली दोरीने वर ओढता, तेव्हा हा हात झोपलेला नसतो."

पेंटर थांबला. शिडीच्या वरच्या पायरीवर बसायचं, दोरी कठड्यावरून घ्यायची. उजव्याने दोरी धरायची आणि डाव्याने सर्रकन पोटाकडे खेचायची. रोज चार-पाच वेळा, चाळीस वर्षं. म्हणजे डाव्याला दुसरंही काम येत होतं आणि ते कुणी मोजलंच नव्हतं. त्याने काठी मागे नेली, डोळे मिटले आणि बादली ओढली.

बटाटा गच्चीवरून गेला, रस्त्यावरून गेला आणि पलीकडच्या गॅरेजच्या पत्र्यावर धाडकन पडला. गॅरेजमधून एक माणूस हातात पाना घेऊन बाहेर आला आणि बराच वेळ आभाळाकडे बघत राहिला.

पोस्टमन त्या महिन्यातलं सगळ्यांत लांब वाक्य बोलला. "इतके दिवस काठीला धरून उभे होतात, आज ती वापरली."

राहिली पाटी. पोस्टमनने तिचा विषय काढला नाही. बायकोने फक्त एवढंच म्हटलं, की पाटी तुमचीच आहे आणि ब्रशही तुमचाच. पहिल्या रविवारच्या आदल्या दुपारी पेंटर खिशात टर्पेंटाइनची बाटली आणि फडकं घेऊन धक्क्यावर गेला. तिथे कुणी नव्हतं. तो पाटीसमोर उभा राहिला. दोन शब्द आज पुसले तर का पुसले हे उद्या सगळ्यांना कळेल, असं त्याच्या मनात आलं. मग आठवलं, की लिहिले तेव्हाही सगळ्यांना कळलं होतं. बाटली न उघडता तो घरी आला.

रविवारी नेहमीचे सगळे होते. पोस्टमन पाइपापाशी, स्टुलावर, पाठ करून. एकेकाने शिसं टाकलं. पेंटरने निकाल दिले: बाद, बाद, बाद. चष्मेवाला आला. कान, नाक, बोट, अगदी शिकवल्यासारखं. शिसं पिंपाच्या पलीकडे हातभर पडलं. पेंटरने डोळे बारीक केले आणि म्हणाला, "पार."

मग त्याने खांबाला टेकवून ठेवलेली लांब काठी उचलली. उजवा हात वर, डावा पोटाशी. बादली ओढली. शिसं पिंपावरून गेलं, आणखी पुढे गेलं, आणि कुणालाच अंदाज नव्हता इतकं लांब जाऊन पडलं. आवाज थोडा उशिराच आला.

सगळ्यांनी पाटीकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. "काका," चष्मेवाला हळूच म्हणाला, "म्हणजे आता हे धरायचं... की आधीचं..." आणि पुढचं त्यालाही सुचेना. निकाल द्यायचा अधिकार एकाच माणसाचा होता, आणि तो रीळ गुंडाळत होता.

तंगूस पूर्ण आत आल्यावर पेंटरने मान जरा मागे घेतली.

"बाद," तो म्हणाला. नेहमीच्याच आवाजात, नाकातून.

नंतर त्याने खिशातून बाटली काढली आणि पाटीवरचे ते दोन शब्द घासायला घेतले. आता त्याला हरकत नव्हती. पण ते जाईनात. वरचं निळं पार विटलं होतं, पिवळ्याचे पापुद्रे निघत होते, आणि काळं मात्र होतं तसंच. त्या वर्षी त्याने ते दोन शब्द सगळ्यांत भारी रंगाने लिहिले होते. थोडा वेळ घासून तो मागे सरला आणि रंग चांगला होता, असं म्हणाला. हे कुणाला उद्देशून नव्हतं. पुढच्या रविवारी त्याने त्यावर पिवळ्याचा पट्टा मारला. वाळल्यावर काळं त्यातूनही दिसू लागलं.

चष्मेवाला टोकावर उभा राहू लागला. पेंटर आपली बादली घेऊन पाइपाकडे गेला तेव्हा पोस्टमनने स्टूल थोडं सरकवलं, "घ्या" म्हणाला, आणि गांडुळांचा डबा पुढे केला. पेंटरने डबा घेतला, आणि पोस्टमन गळाला गांडूळ चुकीचं लावतो आहे हे त्याला सांगायला सुरुवात केली.

धक्क्यावर कुणी नवीन आलं की पाटीपाशी अडतं, पिवळ्या पट्ट्याखाली काय आहे म्हणून विचारतं. तेव्हा चष्मेवाला त्याला दोन पावलं मागे नेऊन उभा करतो.

"आता वाचता येतं?" तो मऊ आवाजात विचारतो. मग एक पाऊल पुढे. "आणि आता?"