सुमंत सरांचं बेट

समुद्र न पाहता समुद्रावर बोलण्यात सुमंत सरांचा हात धरणारा शेवगावात कुणी नव्हता. सर हायस्कुलात भूगोल शिकवायचे आणि दर उन्हाळ्यात एका बेटावर जायचे, म्हणजे तोंडाने. हे बेट कोकणातल्या कुठल्याशा खाडीच्या मुखाशी होतं. वाळूची लांबलचक पट्टी, पुढे समुद्र, मागे खाडी, मध्ये माडांची रांग आणि कोळ्यांची थोडी घरं. समुद्राचा सगळा मार असं बेट स्वतःच्या अंगावर घेतं आणि मागची गावं वाचतात, हे सर समोरच्याचा चहा गार होईपर्यंत सांगत. ऐकणाऱ्याला वाटावं, बेट यांनीच तिथे नेऊन ठेवलंय.

त्यांच्या बायकोला, अंबिकाबाईंना, हे सगळं पाठ होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात सरांनी विषय काढला तेव्हा त्या हरखून गेल्या होत्या. पिशवीसुद्धा भरली. मग सरांच्या लक्षात आलं की आपला भरती-ओहोटीचा अभ्यास अजून कच्चा आहे. पुढे कधी जनगणना आली, कधी निवडणुकीचं काम, कधी पेपर तपासणी. एका वर्षी सगळं जुळून आलं तर सरांना शिंका यायला लागल्या. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात. इथे नकटीची काहीच चूक नव्हती, नवरदेवालाच मांडवात यायचं नव्हतं. हे ओळखायला अंबिकाबाईंना फार वर्षं लागली आणि ओळखलं तेव्हा सरांपेक्षा स्वतःचाच जास्त राग आला. बोलाचीच कढी, बोलाचाच भात, आणि आपण आपल्या दरवर्षी पाट मांडून बसलोय.

सत्त्याण्णव साली मात्र त्यांनी हट्ट धरला. मुलीचं, मनवाचं, लग्न ठरलं होतं. दिवाळीनंतर ती जळगावला सासरी जाणार. त्याआधी लेकीबरोबर चार दिवस कुठेतरी जावं, जिथे चूल नाही, पाहुणे नाहीत, एवढंच त्यांना हवं होतं. यंदा नाही तर कधीच नाही, हे त्यांनी सरांना स्वच्छ सांगितलं.

सर खूश झाले. त्यांनी बैठक बोलावली. शेजारच्या चांगुणाबाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या आणि त्यांचे मालक जालिंदर शेतकी खात्यात. त्यांनाही बरोबर घ्यायचं ठरलं. मग एका बैठकीच्या चार झाल्या. सरांनी ओट्यावर खडूने बेट काढलं. वारा कुठून येतो ते दाखवलं, होडीतून उतरताना कुठला पाय आधी टाकायचा तेही करून दाखवलं. जालिंदर जांभया देत बसायचे. शेवटी चांगुणाबाईंनी तोंड उघडलं.

"सर, तुमचं ऐकून ऐकून मला घरात बसल्या बसल्या पवता यायला लागलंय, पर पाय काय अजून भिजला न्हाई."

सर हसले, पण ते फारसं मनापासून नव्हतं. जालिंदरांनी दुसऱ्या दिवशी चुलतभावाची जीप ठरवून टाकली. शनिवारी पहाटे निघायचं.

शुक्रवारी दुपारी सरांना पाणी आठवलं. त्या उन्हाळ्यात शेवगावात नळ मर्जीला येईल तेव्हा यायचा. घरात माणूस नसलं की पाण्याचं टिपाड कोरडं. "घरी कुणीतरी थांबायला हवं," सर म्हणाले आणि त्यांनी अंबिकाबाईंकडे पाहिलं. वर्गात फळा कोण पुसतंय असं विचारायचं आणि नजर मात्र आधीच एकावर ठेवायची, तसं ते पाहणं होतं. मग त्यांनी तोडगाही सांगितला. आपण मनवाला घेऊन पुढे जातो, तिथली सोय बघून येतो. "तुला पुढच्या वर्षी नीट नेईन."

पुढच्या वर्षी! तेव्हा लेक जळगावात असणार होती आणि लग्नाची तारीख या माणसाने स्वतः पंचांग उघडून काढली होती. अंबिकाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आवाज मात्र त्यांनी चढवला नाही.

"तुम्ही थांबा. तुम्हाला बेट पाठ आहे, मला नळ पाठ आहे. यंदा अदलाबदल करू."

त्या भांडणाच्या तयारीत होत्या. भांडण झालंच नाही. सरांचा चेहरा सैल पडला. परीक्षा पुढे ढकलली गेल्यावर ढ पोराचा पडतो तसा. संध्याकाळी ते चौकात सांगत होते की काही कामं जबाबदार माणसाला टाकून जाता येत नाहीत. अंबिकाबाईंना किळस आली. एवढी वर्षं आपण या माणसाची वाट पाहत होतो.

बेट सरांनी सांगितलं होतं अगदी तसंच निघालं आणि हेच अंबिकाबाईंना फार झोंबलं. माड तिथेच, खाडी तिथेच, वारासुद्धा त्याच बाजूने. नुसतं येऊन बघायचं बाकी होतं. लाट आली तशी मनवा ओरडून हसली आणि तिने आईला गुडघाभर पाण्यात ओढलं. दोघी बराच वेळ तशाच उभ्या होत्या. मग अंबिकाबाईंनी मनातलं बोलून टाकलं.

"तिकडे गेल्यावर, नळाला माणूस हवं म्हणून घरी थांबू नकोस."

"आई, जळगावात पाणी रोज येतं. त्यांनी मुद्दाम सांगितलंय."

"मग दुसरं काहीतरी निघेल. घरी कुणीतरी थांबायला हवं, असं कुणी म्हणालं की तू बोलू नकोस. जो म्हणाला त्याच्याकडे बघत राहा."

मनवा पुन्हा हसायला लागली. अंबिकाबाई हसल्या नाहीत.

"पहिल्यांदा मीच म्हणाले होते, मी थांबते म्हणून. नंतर मला कधी कुणी विचारलंच नाही."

"कधी म्हणालीस?"

"तुझ्या मामाच्या लग्नाला. घर उघडं कसं टाकायचं, म्हणून."